एक गेंद म्हणजे किती? कोयनेच्या सड्यावरच्या एका इंटर्नशिपचं प्रकरण

ऑगस्टच्या शेवटी मी वन विभागाला एक अंतरिम अहवाल पाठवला. त्यात एक आलेख होता. गेंद म्हणजे पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, म्हणजे सड्यावर, उगवणारं छोटं हंगामी झाड, दांड्याच्या टोकाला पांढरं गोल फुलांचं मुंडकं असलेलं. सड्यावरच्या पंचवीस चौकटींत मिळून गेंद किती, याची रेघ एका आठवड्यात वर जायची, पुढच्या आठवड्यात खाली यायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. करवतीचे दातच. त्याखाली मी कारणही लिहून टाकलं होतं: उघडीप मिळाली की गेंद जोर धरतात, पाऊस झोडपायला लागला की आडवे होऊन पाण्याखाली जातात. बारा दिवसांनी तो अहवाल मला दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागला. दोन विद्यार्थ्यांच्या मोजणीतून उघडकीला आलेली ही चूक मुळात माझ्या आखणीतली होती. क्षेत्रकामाला मुलं पाठवणाऱ्या इतर शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून ती जशी घडली तशी लिहिते आहे.

जागा आणि हंगाम

कोयना अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. जानेवारी 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा महाराष्ट्रातली जी चार ठिकाणं यादीत आली, त्यांत कास, चांदोली आणि राधानगरीबरोबर कोयनाही आहे. आमचा सडा या अभयारण्याच्या हद्दीत आहे. त्याचं नाव मी देणार नाही. तिथे कंदीलपुष्पं आहेत आणि दुर्मीळ झाडाचा पत्ता छापला की पुढच्या हंगामात त्या झाडाचा कंद जागेवर राहत नाही, हे आम्ही वनस्पतीवाले पुरते शिकलो आहोत.

सडा म्हणजे बेसाल्टच्या माथ्यावर बसलेली जांभ्याची टोपी. माती कुठे बोटभर, कुठे नखाइतकी. एप्रिलमध्ये तिथे गेलात तर काळा-तांबडा तापलेला कातळ आणि पिवळं गवत, बस. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर हिरवी साय धरते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी एकामागून एक उभे राहतात. ऑक्टोबर सरता सरता सगळं बी टाकून मोकळं होतं. जे बघायचं ते या तीन-साडेतीन महिन्यांत.

आणि इथेच पहिली अडचण. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे 4 क्रेडिट आहेत. ते दुसऱ्या सत्रात येतात, त्यामुळे मुलं मोकळी होतात ती उन्हाळ्यात. रसायनशास्त्राच्या मुलाला मे महिन्यात कारखान्यात पाठवता येतं. सड्यावरची वनस्पती शिकणाऱ्याला मे महिन्यात पाठवलं तर तो काय बघणार? म्हणून मी उन्हाळ्यात हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं काम दिलं आणि जुलै ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार क्षेत्रकामाला ठेवले. तिसऱ्या सत्राची प्रात्यक्षिकं सुरू असल्याने दोघांना दर आठवड्याला सोडणं शक्य नव्हतं. एका आठवड्याला एकाने, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याने यायचं असं ठरलं. हा निर्णय लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

मुलं दोन. एक मुलगी गडहिंग्लजकडची, घरी शेती. एक मुलगा पुण्याचा, फोटोग्राफीचा हात चांगला. दोघंही मेहनती. बरोबर वन विभागाचे एक वनमजूर असायचे. त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो.

काम कसं मांडलं होतं

एक मीटर बाय एक मीटरच्या पंचवीस चौकटी. पीव्हीसी पाइपची सुटी होणारी फ्रेम पाठीवर न्यायची, ठरलेल्या जागी जोडायची, आतल्या ठरलेल्या आठ जातींची मोजणी करायची, वरून एक फोटो काढायचा, पुढे जायचं. जागा पुन्हा सापडावी म्हणून जीपीएस होतंच, पण त्याची चूक तीन-चार मीटरची आणि चौकट एक मीटरची. त्यामुळे खरी भिस्त होती वहीतल्या रेखाटनांवर: 'म्हशीच्या पाठीसारखा धोंडा, त्याच्या उत्तरेच्या टोकापासून दोन मीटर दहा.' जांभ्यात खिळे ठोकायचे नाहीत, रंग लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. चौकटीत पाय पडू नये म्हणून दोन दगडांवर फळी टाकून तिच्यावर पालथं पडून मोजायचं.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात अभ्यासाला लेखी परवानगी लागते आणि त्या परवान्यात काय उचलता येईल हेही लिहिलेलं असतं. आम्हाला हंगामाच्या शेवटी ओळख पटवण्यापुरती गेंदाची पिकलेली मुंडकी घेता येणार होती, त्यापलीकडे काही नाही. दुसरीकडे, मुलांच्या मूल्यमापनाच्या छापील तक्त्यात 'गोळा केलेल्या नमुन्यांची संख्या' असा रकाना होता आणि गुण त्यावर होते. संरक्षित जंगलात काम करणाऱ्या मुलाने हा रकाना भरायचा तर कायदा मोडायचा, नाहीतर गुण सोडायचे. असा तक्ता विद्यार्थ्याच्या हातात देणं मला आजही अन्यायाचं वाटतं. मी त्या रकान्यासमोर 'नोंदवलेल्या चौकटी' असं हाताने लिहिलं आणि सही केली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फेरी दोघांना बरोबर घेऊन केली. दोघांनी एकमेकांशी न बोलता त्याच पाच चौकटी मोजल्या. आकडे ताडून पाहिले. गेंदाचे तर तंतोतंत जुळले. मला समाधान वाटलं, 'मोजणी जुळली' असं मी वहीत लिहिलं आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

पुढच्या फेऱ्यांत पावसाने जे शिकवायचं ते शिकवलं. पेनाने लिहिलेलं पान धुऊन गेलं, मग पेन्सिली आल्या. जळवा पायमोज्यांच्या विणीतून आत शिरायच्या, मग तंबाखूच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या आल्या. जुलैच्या शेवटी एका रविवारी मुलगा आणि मामा ओढ्यापाशी पोचले तर पाणी मांडीच्या वर. मुलाला जायचं होतं. नोंदीत खंड पडेल म्हणाला. मामा म्हणाले, "खंड पडू दे. तू पडाया नको." आणि ते सरळ माघारी वळले. त्या रकान्यात 'ओढा भरला, नोंद नाही' असं लिहिलेलं आहे. मार्ग चालायचा की नाही हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार मी पहिल्याच दिवशी मामांना दिला होता आणि मुलांसमोर दिला होता. कुणी इंटर्नशिप आखत असेल तर ही एक गोष्ट मी हात जोडून सांगेन: तो अधिकार शिक्षकाकडे ठेवू नका, विद्यार्थ्याकडे तर नकोच. जो ओढा रोज ओलांडतो त्याच्याकडे द्या.

करवतीचे दात

ऑगस्ट आला आणि गेंदांनी दांडे काढले. मग चार आठवडे ती रेघ वरखाली झाली.

कोयना पाणलोटातला पाऊस आपल्याकडे वर्तमानपत्रांत रोज छापून येतो: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. मी ते आकडे लिहून काढले आणि मोजणीशेजारी मांडले. ज्या दोन आठवड्यांत गेंद जास्त होते त्यांत पाऊस खरोखरच कमी होता. झालं. मला कारण सापडलं. चार ठिपके आणि एक छान गोष्ट.

त्या गोष्टीत एक भोक होतं आणि ते वनस्पतिशास्त्राच्या बारावीतल्या मुलालाही दिसायला हवं होतं. पावसाने आडवी झालेली मुंडकी आठवड्याने पुन्हा उभी राहतील, एक वेळ मानू. पण माझ्या पत्रकात मुंडक्यांचा रकानाच नव्हता, 'गेंद: संख्या' असा जो रकाना होता तो मी झाडांचा धरला होता. हंगामी झाड मेलं की मेलं. पुढच्या रविवारी ते परत कुठून येणार? मी मनात मुंडकी आणि कागदावर झाडं अशी सरमिसळ करत होते आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं मुलीच्या. ओजेटीचं जर्नल लिहायला तिने सगळी पत्रकं तारखेप्रमाणे लावली. प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याचं आद्याक्षर लिहायचं, हा माझा जुना दंडक आहे. तिने आलेखाच्या प्रत्येक ठिपक्यावर ते अक्षर लिहिलं. वरचे सगळे ठिपके 'नि', खालचे सगळे 'सा'. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "मॅडम, हे पावसाचं नाही. हे आमचं आहे."

मला आधी पटेना. मग मी स्वतः कागद काढला आणि पटलं. जुलैची पत्रकं पुन्हा पाहिली तर तिथे 'नि' आणि 'सा' यांच्यात फरक नव्हता. फरक फक्त ऑगस्टपासून. म्हणजे कुणाचा हात ढिला होता असं नाही, ऑगस्टमध्ये काहीतरी बदललं होतं.

फळीवर पालथं पडून

पुढच्या रविवारी दोघांनाही नेलं, प्रात्यक्षिकाची सुट्टी मागून. दहा चौकटी, दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या. तेरड्याचे आकडे जवळपास सारखे आले. एकेका खोडावर उभं राहणारं झाड आहे ते, मोजायला सोपं. गेंदाला मात्र चौथ्या चौकटीत मुलीने 9 लिहिले होते आणि मुलाने 41.

मी दोघांना फळीवर शेजारी शेजारी झोपवलं आणि मुलाला म्हटलं, बोट लावून मोज. त्याने मुंडक्यांना बोट लावत मोजलं. एक, दोन, तीन. पांढरी, करड्या रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी गोल मुंडकी वाऱ्यावर डुलत होती आणि प्रत्येक मुंडक्याला तो एक म्हणत होता. मग मुलगी. तिने गवताची काडी घेतली, दांड्यांच्या मुळाशी घातली आणि हलकेच बाजूला केलं. खाली पाण्यात पानांचा एक झुबका होता, ताऱ्यासारखा पसरलेला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. त्या एका झुबक्यातून पाच दांडे वर आलेले. तिने त्याला एक म्हटलं.

जुलैत दांडे नव्हतेच. तेव्हा कातळावर दिसत होते फक्त झुबके, म्हणून दोघांनीही झुबके मोजले आणि आकडे जुळले. दांडे वर आल्यावर मुलाची नजर फुलाकडे गेली. फोटो काढणाऱ्याची नजर तिकडेच जाणार. मुलीची नजर बुडख्याकडे राहिली. भाताची रोपं आणि फुटवे वेगळे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिकपणे 'गेंद' मोजत होते. 'गेंद' म्हणजे काय मोजायचं, हे मी पत्रकावर लिहिलंच नव्हतं.

खरं तर गेंदात तीन पायऱ्या आहेत. झुबका हे झाड. झुबक्यावरचे दांडे अनेक, प्रत्येकाच्या टोकाला एक मुंडकं. आणि मुंडकं म्हणजेही एक फूल नव्हे, ते अनेक सूक्ष्म फुलांचं दाटीवाटीने बसलेलं बिऱ्हाड, त्यात नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. वर्गात मी हे दरवर्षी फळ्यावर काढते. सड्यावर पत्रक बनवताना मात्र मी नुसतं 'गेंद: संख्या' लिहिलं.

त्याच दुपारी दुसरं कोडं पुढे आलं. सीतेच्या आसवांचेही आकडे जुळत नव्हते आणि तिथे कुणाचं बरोबर हे ठरवायलाच जागा नव्हती. हे कीटकभक्षी झाड. नत्राचा दुष्काळ असलेल्या या मातीत ते चिखलातल्या बारीक पिशव्यांनी जीवजंतू ओढून खातं. वर दिसतो जांभळ्या फुलांचा तुरा, पण खाली धाग्यांसारखी आडवी खोडं एकमेकांत गुंतून जाळं झालेलं असतं. वरचे वीस दांडे एका झाडाचे की सात झाडांचे, हे उपटून सोडवल्याशिवाय कळणार नाही आणि उपटायचं तर नाहीच. इथे 'एक' हा आकडाच डोळ्यांना उपलब्ध नाही.

मग काय केलं

फ्रेमला दर दहा सेंटिमीटरवर दोरे बांधले. एका चौकटीची शंभर खणं झाली. आता सीतेची आसवं 'किती' हे विचारायचंच नाही, शंभरापैकी किती खणांत तिचा दांडा रुजलेला आहे एवढंच लिहायचं. आहे किंवा नाही. या रीतीत दाटी नीट कळत नाही, हे कबूल. एका खणात एक दांडा असो की दहा, नोंद एकच. पण दोन माणसांनी तीच चौकट पाहिली तर उत्तर जवळपास सारखं येतं आणि पुढच्या वर्षी तिसरा कुणी आला तरी येईल. विद्यार्थी दरवर्षी बदलतात अशा कामात मला हे जास्त मोलाचं वाटतं.

गेंदासाठी दोन रकाने केले, झुबके आणि मुंडकी. पत्रकाच्या मागे मुलीने काढलेलं चित्र छापलं: गेंद उभा चिरून दाखवलेला, खाली एक झुबका, वर पाच दांडे, बाजूला बाण. मामांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये गड्ड्यावर मोजायचं हाय व्हय? मग पोरगा मुंडकी का मोजत हुता?" ते सगळ्या फेऱ्यांना हजर होते. त्यांना दोघांच्या मोजण्यातला फरक दिसलाही होता, पण दोघांना दोन वेगळी कामं दिली असतील असं त्यांनी धरलं होतं. त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. त्यानंतर प्रत्येक फेरीच्या शेवटी पत्रक मामांना वाचून दाखवायचं, असं सुरू केलं.

जुनी नोंद किती वाचली? जुलैची सगळी. ऑगस्टमधल्या मुलीच्या दोन फेऱ्यांत झुबके प्रत्यक्ष मोजलेले होते आणि मुंडकी वरून काढलेल्या फोटोंतून मोजता आली, धुक्यातले काही फोटो सोडून. मुलाच्या दोन फेऱ्यांत मुंडकी मिळाली, पण झुबके कायमचे गेले. फोटोत ते दांड्यांखाली झाकलेले असतात. म्हणजे झाडांच्या रेघेत ऑगस्टमधले दोन ठिपके आता कोरे आहेत. ते अंदाजाने भरता आले असते. एका झुबक्यावर सरासरी दांडे किती हे काढायचं आणि भागायचं. मुलाने तसं सुचवलंही. पण दांडे दर आठवड्याला वाढत असतात, त्या आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्यातून आणायची कशी? कोरं ठेवलं.

वन विभागाला दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं आणि मसुदा दोघांना वाचायला दिला. मुलाला वाईट वाटत होतं, तो दोनदा म्हणाला की माझ्यामुळे झालं. मी त्याला पत्रातली ओळ दाखवली: 'मोजणीचं एकक आखणीत स्पष्ट केलेलं नव्हतं.' ती ओळ त्याला बरं वाटावं म्हणून लिहिलेली नव्हती, घडलं तेच होतं. विभागाचं उत्तर एका ओळीचं आलं, सुधारित प्रत मिळाली म्हणून.

मी स्वतः आता जुळवणीची मोजणी हंगामात तीनदा ठेवते: झाड नुसतं पानावर असताना, कळीवर आल्यावर आणि बी धरल्यावर. सुरुवातीला माणसं जुळली याचा अर्थ फक्त एवढाच, की झाडाच्या त्या रूपावर ती जुळली. यासाठी दोघांना किमान तीन वेळा एकत्र नेण्याचा खर्च आणि सुट्टी आधीच मागून ठेवावी लागते. प्रवासाचे पैसे मुलांनी खिशातून घालावेत ही अपेक्षा ठेवली तर गडहिंग्लजच्या शेतकऱ्याची मुलगी येणारच नाही आणि या प्रकरणात ती आली नसती तर करवतीचे दात आजही माझ्या अहवालात असते.

सप्टेंबरच्या शेवटच्या फेरीत परवान्याप्रमाणे पिकलेली मुंडकी मोजून घेतली, कागदी पाकिटांत, प्रत्येकावर चौकटीचा क्रमांक. गेंदाच्या जाती पानांवरून किंवा मुंडक्याच्या रंगावरून खात्रीने सांगता येत नाहीत. फुलांचे सुटे भाग आणि बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ऑक्टोबरात दोघं प्रयोगशाळेत आळीपाळीने बसली, या वेळी प्रत्येक बी दोघांनीही पाहायचं असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलाने मला हाक मारली. काचपट्टीवर दोन बिया होत्या, दोन्ही त्याच चौथ्या चौकटीतल्या. एकीवर बारीक केसांसारख्या उभ्या ओळी होत्या, दुसरी जवळजवळ गुळगुळीत. मुलीने पत्रक काढलं, 'गेंद' या शब्दाखाली पेन्सिलीने दुसरी रेघ मारली आणि विचारलं, "मॅडम, 9 मधले याचे किती आणि त्याचे किती?"